44 बाय 20

बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असतं. गुणाकार केला की 880 चौरस फूट. पुण्यात हा आकडा कोणासमोरही उच्चारा, त्याच्या डोक्यात खेळाच्या आधी "म्हणजे टू बीएचके की!" हे येतं. घरामागच्या जागेत कोर्ट करायचं आम्ही ठरवलं, तेव्हा "त्यापेक्षा दोन खोल्या काढा आणि भाड्याने द्या" हा सल्ला नणंदेने दिला, इस्त्रीवाल्याने दिला आणि आमच्या सीएने तर महिन्याच्या भाड्याच्या आकड्यासकट दिला.

त्यात 880 हा आकडा तसा फसवाच. खेळणारा माणूस रेषांच्या आत थोडाच राहतो? उंच गेलेल्या शटलमागे तो मागे मागे जातो, तेव्हा पाठीशी भिंत येऊ नये इतकी मोकळीक चारी बाजूंना लागते. आम्ही 60 बाय 30 धरली. 1800 चौरस फूट. सीएला हे सांगितलं नाही.

घर आमचं भूगावला. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की थोडं पुढे. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, नव्वदच्या दशकात प्लॉट घेतला, तेव्हा त्यांना पेठेतल्या भाऊबंदांनी वेड्यात काढलं होतं. आता तेच भाऊबंद रविवारी मोकळी हवा खायला येतात आणि चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या देत परत जातात. घराच्या मागे लांबट पट्टा होता. त्यात एक जांभूळ, थोडा गवती चहा, बाबांचे वांग्या-मिरच्यांचे वाफे, आणि बाकी नुसतं रान. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण असावी लागते, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एका बाजूच्या डोळ्यांत ऊन येतं. आमचा पट्टा नेमका उत्तर-दक्षिण पडलेला. माझ्या मनाने तिथेच कौल घेतला.

मी कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन सामने खेळले होते, लेक शाळेपासून खेळते आहे. पण खेळायचं म्हणजे हॉल गाठायचा. मोबाइलवर बुकिंग उघडतं आणि चहा गाळून होईपर्यंत भरून जातं. उरतो तो रात्री दहाचा तास. मग पत्र्याच्या शेडमध्ये तासभर घाम गाळायचा आणि जवळजवळ तितकाच वेळ स्टिअरिंगवर बसायचं. ह्याला व्यायाम म्हणावं की शिक्षा, हे मला ठरवता येत नव्हतं.

बाबांचा विरोध भाड्यावरून नव्हता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. मी आराखडा पुढे ठेवला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, खेळा की. पण पाणी कुठे जाणार?"

मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब. 1800 चौरस फूट म्हणजे 167 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पडतो, आणि आपण मुळशीच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे त्याहून जास्तच. "म्हणजे लाखाच्या वर लिटर," बाबा म्हणाले. "आज ते ही जमीन पिते. उद्या काँक्रीट पिणार नाही. ते रस्त्यावर जाईल, तिथून ओढ्याला आणि रामनदीला. आणि मे महिन्यात तू टँकरला फोन करशील." रामनदी आमच्याच वरच्या अंगाला, खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते. खाली बावधन-पाषाणपर्यंत जाता जाता तिचं काय होतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

मला ह्यावर उत्तर नव्हतं, आणि उत्तर सापडल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असं ठरलं. घरातल्या बाकीच्यांना हे म्हाताऱ्या माणसाचं खुसपट वाटलं. मला नाही वाटलं. अंगण झाकायचं तर आधी झाकणाऱ्याने हिशेब द्यावा, ह्यात गैर काय? शेवटी उतार ज्या बाजूला होता तिथे कोर्टाच्या कडेने चर काढायचा ठरला. चराचं पाणी एका खड्ड्यात, खड्ड्यात खालपासून वरपर्यंत दगड, खडी आणि वाळूचे थर, आणि तिथून बोअरचं पुनर्भरण. वळवाच्या पहिल्या सरींचं पाणी मात्र बाहेर सोडायचं, कारण त्यात धूळ आणि रंगाची भुकटी असणार. त्यासाठी बाबांनी चराच्या तोंडाशी एक झडप बसवून घेतली. जूनमध्ये ती झडप फिरवायचा मान त्यांचाच.

जांभळाचं झाड तोडायला आम्ही कोणीच तयार नव्हतो. झाडं तोडण्यावर राज्यात कायदाही आहे, पण खरं कारण ते नव्हे. ते झाड आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लावलेलं. म्हणून कोर्टच थोडं सरकवलं. मुळं पुढेमागे स्लॅब उचलतील अशी भीती मिस्त्रीने घातली. ती अजून शिल्लक आहे.

आता जमिनीबद्दल. बाहेरच्या कोर्टाचे फोटो दाखवतात तेव्हा निळा-हिरवा रंग आणि पांढऱ्या रेषा दिसतात. पैसा मात्र त्याखाली जातो. आमच्या पट्ट्यात वर दोन फूट काळी माती होती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हाताचा पंजा जातो. कापसाला, ज्वारीला सोन्यासारखी, स्लॅबला वैरीण. तिच्यावर काँक्रीट ओतलं तर दोन-तीन पावसाळ्यांत तडे ठरलेले. जेसीबीने ती सगळी उपसली. 1800 चौरस फूट आणि दोन फूट खोली म्हणजे 36 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि उपसल्यावर फुगते ती वेगळी. थोडी वाफ्यांसाठी राखली, बाकीची शेजारपाजारच्या कुंड्यांत आणि एका नर्सरीत गेली. मग मुरमाचे डंपर, मुरूम थराथराने पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा थर. कोपऱ्यात रोलर वळत नाही तिथे हाताने ठोकायचा धुमस. त्यावर दगडांचं सोलिंग, मग खडी-कच. हे सगळं झाल्यावर मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. एकीने विचारलं, "रस्ता करताय का गं?"

आमचे मुकादम पौडच्या पलीकडचे. कानाची पाळी मोडलेली पाहूनच ओळखावं की गडी तालमीतला. 2017 साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भूगावात झाली, तेव्हाची गर्दी ते अजून हातवारे करून सांगतात. मुरमावर रोलर फिरत असताना त्यांनी मला आखाड्याच्या हौदाची माती कशी करतात ते समजावलं. तांबडी माती आणायची, चाळायची, खडा म्हणून राहू द्यायचा नाही. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. हळद जखमेसाठी, ताक-तेलाने माती मऊ राहते. आणि रोज कुस्तीच्या आधी पोरांनी फावड्याने हौद खणायचा, तोही व्यायामच. "तुमच्या ह्या खेळाला जमीन टणक लागती," ते म्हणाले. "आमच्याला खणावी लागती." ह्यात टोमणा होता का, मला कळलं नाही. रोलरवाल्याला त्यांनी तेवढ्यात "अरे कडंला घे, कडंला!" असं ओरडून विषय संपवला.

स्लॅबचा दिवस दिवाळीनंतरचा निवडला. परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधी तोंड काढेल ह्याचा पुण्यात नेम नसतो, आणि ओल्या काँक्रीटवर सर आली तर पृष्ठभागाची वाट लागते. पाच इंच जाडीचा स्लॅब, साडेसात ब्रास माल, म्हणून आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, चार गाड्या. गाड्या गल्लीत वळवताना समोरच्या बंगल्याची बोगनवेल थोडी गेली. त्याचं नंतर गुळाच्या पोळ्या देऊन निस्तरलं.

वाद झाला तो ढाळावरून. घरात फरशी बसवणाऱ्या माणसाला सपाट म्हणजे सपाट हवं असतं. कोर्टाला मात्र शंभराला एक इतका ढाळ द्यावा लागतो, दहा फुटांना सव्वा इंच, नाहीतर पाणी डबक्यांनी साचतं आणि त्या डबक्यांत शेवाळ धरतं. शिवाय ढाळ एकाच दिशेला हवा. मधे नेटखाली उंच आणि दोन्हीकडे उतार, हे रस्त्याला चालतं, खेळाला नाही. मिस्त्रीचं म्हणणं, एवढा ढाळ डोळ्याला दिसेल. तीस फुटांत साडेतीन इंच, दिसतो का? बाबा खुर्ची टाकून बसलेच होते. त्यांनी पाण्याची नळी मागवली, त्या पारदर्शक नळीतल्या पाण्याच्या दोन रेघा दोन टोकांना धरून खुणा केल्या, दोरी ताणली आणि म्हणाले, "आता दोरीला धरून मार. डोळ्याला काय दिसतं ते मागाहून बघू." आयुष्यभर कालव्यांचे ढाळ काढलेला माणूस. मिस्त्रीने पुढे तोंड उघडलं नाही. स्लॅब घट्ट होताच बादलीभर पाणी वरच्या कडेला ओतलं. ते सावकाश, रेंगाळत, पण कुठेही न थांबता चरापर्यंत गेलं. एवढं समाधान मला कुठल्या सामन्यातही मिळालेलं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कटर आणून सांधे कापले. काँक्रीट आकसतं तेव्हा त्याला तडकायचंच असतं. आपण आधीच सरळ खाच दिली की ते तिथे तडकतं. त्यातली मुख्य खाच नेटच्या बरोबर खाली येईल अशी ठेवली, तिथे कोणाचा पाय पडत नाही. मग गोणपाट आणि पाणी. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात, आणि त्याआधी अॅक्रिलिकचा रंग लावला तर आतली ओल त्याला फुगे आणते. रंगवाल्याला घाई होती, त्याची पुढची कामं खोळंबली होती. आम्ही थांबलो. पुढे जानेवारीत त्यानेच आम्हाला थांबवलं: भूगावला पहाटे इतकी थंडी असते की रंग नीट धरत नाही, ऊन वर आल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

रेषा आखायच्या दिवशी मी रजा टाकली. रेषा 40 मिलिमीटर जाडीच्या, आणि त्यांची जाडी कोर्टाच्या मापात धरतात. मुकादमांनी गुण्या काढला, तीन-चार-पाच करून कोपरा काटकोनात घेतला. तरीही मला कर्ण मोजायचा होता. 44 आणि 20 चा कर्ण 48 फूट 4 इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले तरच आयत खरा. एक टेप मी धरली, एक लेकीने. पहिल्याच मापात दोन्हींमध्ये बोटभर फरक. चिकटपट्टी उचलली, पुन्हा लावली. लेक वैतागली, "आई, कोणाला कळणारे?" मला.

ह्या आयताचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं विषयांतर. 1870च्या सुमारास पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्याचे पहिले लिखित नियम इथलेच मानतात, आणि खेळालाही तेव्हा 'पूना' म्हणत. अधिकारी सुट्टीवर मायदेशी गेले, तिथे एका ड्यूकच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून त्याला दुसरं नाव पडलं. तेव्हाचं कोर्ट डमरूसारखं होतं, नेटपाशी अरुंद. 1901 पासून ते सरळ आयत झालं. पुढे 1956 साली नंदू नाटेकर मलायात जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. ते आधी टेनिस खेळायचे. शेवटची वर्षं ते पुण्यातच होते. बाबांनी तरुणपणी त्यांचा खेळ पाहिला होता, आणि "ते धावताना दिसायचेच नाहीत, शटलच्या आधी पोचलेले असायचे," हे वाक्य आमच्या घरात लेकीला दर आठवड्याला ऐकावं लागतं.

आणि 1965 मध्ये अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर एका घराच्या परसात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं. मुलं कंटाळली होती, घरात धड सामान सापडेना. मोठ्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू दिला, नेट खाली ओढलं. तेच पिकलबॉल. कोर्ट तेच, 44 बाय 20. म्हणजे आपल्या छावणीत नियम ठरलेला खेळ साता समुद्रापार गेला, तिथल्या परसात त्याच रेषांवर दुसरा खेळ झाला, आणि आता तो बाणेर-बालेवाडीत तासाच्या भाड्याने परत आला आहे. आमचा भाचा बाणेरलाच राहतो. त्याने कोर्ट पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "मामी, किचनची रेष कुठे?" नेटपासून सात फुटांवर जी रेष असते, तिच्या आत चेंडू हवेत मारायचा नाही, त्या पट्ट्याला ही पोरं किचन म्हणतात. आईंना वाटलं पोराला भूक लागली.

मी कडवी बॅडमिंटनवाली. टप्पा पडू देऊन मारायच्या खेळाबद्दल माझी मतं फारशी चांगली नव्हती, अजूनही नाहीत. पण काँक्रीट पंचवीस-तीस वर्षांसाठी ओततो आपण, आणि पोरांची आवड दोन-तीन वर्षांत बदलते. आमच्या लहानपणी चुन्याच्या फक्कीने आट्यापाट्यांच्या रेघा ओढायचो, पाऊस आला की पुसल्या जायच्या, दुसऱ्या दिवशी तिथेच लंगडी. रंगवलेल्या रेषेला ती सवलत नाही. म्हणून पिकलबॉलच्या रेषा पिवळ्या मारून घेतल्या आणि खांबांना दोन उंचीचे हूक लावले: एक 5 फूट 1 इंचावर, दुसरा 36 इंचांवर. बास्केटबॉलची रिंग मागितली गेली, ती नाकारली. किती रंगांच्या रेषा सहन करायच्या ह्याला माझ्याही डोळ्यांची मर्यादा आहे.

उघड्यावर बॅडमिंटन खेळायचं तर वाऱ्याशी गाठ असते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे तक्रार करतात. शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवा अशी थांबलेली असते की पिसांचं शटलही चालतं. मार्चपासून दुपारनंतर झुळका सुरू होतात, आणि जूनमध्ये मुळशीकडून पश्चिमेचा वारा आला की पिसांचं शटल काढणं म्हणजे पैसे उडवणं. तेव्हा लाल पट्टीचं नायलॉनचं, वेगाचं शटल. सर्व्हिस आत पडावी म्हणून बाहेरच्या अंगाला मारायची, वारा तिला आत आणतो. क्लिअर, म्हणजे उंच मागे जाणारा फटका, मारायचा नाही, ड्राइव्हवर, म्हणजे सपाट फटक्यावर, भर ठेवायचा. नियमाने तिसऱ्या गेममध्ये 11 गुणांवर बाजू बदलतात. आम्ही प्रत्येक गेममध्ये बदलतो. हॉलमध्ये खेळणारे याला खेळ मानत नाहीत. पण छावणीतले ते साहेब काही शेडमध्ये खेळत नव्हते. वारा ओळखून मारणं हे कसब हॉलने संपवलं आणि मला ते पन्नाशीत शिकायला मिळालं, ह्याचा मला आनंदच आहे. लेकीचं तंत्र बिघडतं असं तिच्या कोचचं मत. तो भाग वेगळा.

आवाजाचा प्रश्न पिकलबॉलने आणला. शटलचा आवाज शेजारी जात नाही. प्लास्टिकच्या चेंडूचा टॉक-टॉक मात्र भिंती ओलांडतो. डाव्या हाताच्या बंगल्यातल्या काकांनी नियमच वाचून दाखवला: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. आकडे बरोबर होते, आणि त्यांच्याकडे फोनमध्ये मोजायचं अॅपही होतं. मग तह झाला. पिकलबॉल संध्याकाळी साडेसातपर्यंत, बॅडमिंटन नऊपर्यंत, दुपारी एक ते चार काहीही नाही. शेवटचं कलम डेसिबलमध्ये बसत नाही, पण पुण्यात त्याला कोणी आव्हान देत नसतं. दिव्यांचे खांब आम्ही लांब बाजूंना, जेमतेम वीस फुटांचे ठेवले आणि दिव्यांची तोंडं पूर्ण खाली वळवली. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे त्यांच्याभोवती इतके गोळा होतात की तो आठवडा खेळ बंदच असतो. त्यात जूनमध्ये जांभळं पडतात. हिरव्या अॅक्रिलिकवर जांभळाचा डाग लगेच धुतला नाही तर महिनाभर दिसतो.

एप्रिलमध्ये कोर्टाचा ताबा आईंकडे जातो. साफ, सपाट, दिवसभर ऊन आणि वर दुसऱ्या कोणाची सावली नाही, अशी जागा त्यांना जन्मात मिळाली नव्हती. जुन्या साड्या आणि प्लास्टिकचे कागद अंथरून कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे. साडीची कड बरोबर सर्व्हिसच्या रेषेला लावायची, म्हणजे किती घातल्या ते मोजता येतं. डेसिबलवाल्या काकांच्या सौ. दोन पातेली चीक घेऊन आल्या आणि दोन-तीन दिवस आमच्याकडेच होत्या. त्या आठवड्यात खेळ पहाटेच उरकायचा. सात वाजता आई झाडू घेऊन उभ्या असतात.

त्याच काकूंनी मे महिन्यात विचारलं, आपणही मागे असंच काहीतरी करावं का, नातू सुट्टीला येतो. मी मुरूम, सोलिंग, ढाळ, 28 दिवस असं सगळं सांगितलं. बाबांनी दर मिलिमीटर पावसाला 167 लिटरचा हिशेब सांगितला. मग म्हटलं, "काकू, एका गल्लीत दोन कोर्टं कशाला? आमच्याकडेच पाठवा की नातवाला." त्यांनी मान डोलावली आणि पंधरा दिवसांत तिथे केळी लावल्या. नातू रोज संध्याकाळी आमच्याकडे असतो, पिकलबॉलच खेळतो. पश्चिमेचा वारा सुटला की आमची शटलं त्या केळींत जातात. काकू ती डब्यात साठवून ठेवतात, आणि द्यायच्या आधी दर वेळी विचारतात, "पुढच्या एप्रिलात माझ्या सांडग्यांना कुठली बाजू?"